आग्नेय कोपऱ्यातला बादशहा

“चेहरे फसवतात, अक्षरं फसवत नाहीत!” असं जयवंतराव वर्षातून निदान दोनशे वेळा म्हणत. बडोदा दरबारच्या भाषांतर शाखेत त्यांची हयात गेली होती. माणूस समोर येऊन उभा राहिला तरी ते आधी त्याच्या हातातला कागद वाचत आणि मग तोंडाकडे बघत. एकदा सख्खा मेहुणा चिठ्ठी घेऊन दारात आला, तर त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि मग म्हणाले, “अरेच्चा, प्रतापराव, तुम्ही!”

असा माणूस नाण्यांच्या नादी लागला, आणि तीही रोमन! रोमच्या पहिल्या बारा बादशहांचं एकेक नाणं जमवायचा त्यांनी पण केला होता. लक्ष्मण सुताराकडून सागवानी तबक करून घेतलं होतं. त्यात बारा गोल खळगे. अकरा भरले होते. बारावा, ऑथो नावाच्या बादशहाचा, सात वर्षं रिकामा होता. रोज सकाळी जयवंतराव तबक पुसत आणि त्या खळग्यावरून दोनदा फडकं फिरवत.

सुटं नाणं घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून ते लंडनच्या लिलावातून ढीगच्या ढीग घेत. पत्रानं बोली पाठवायची, आणि टपालाच्या बोटीनं चाळीस-पन्नास झिजक्या नाण्यांची पिशवी यायची. आत कोण निघेल ते नशीब.

“म्हणजे मंडईतला वाटा,” त्यांच्या पत्नी गंगाबाई म्हणाल्या. “वर दोन चांगली वांगी, खाली सगळी किडकी.”

“वाटा नव्हे, लॉट!”

“तेच ते. वांगी विलायती.”

गंगाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. पण नाणी पुसायला त्याच बसत, आणि बादशहांना चेहऱ्यावरून ओळखत. टायबेरियस प्रत्येक पिशवीत हजर असे, बोलावलेलं नसताना प्रत्येक पंगतीला येणाऱ्या पाहुण्यासारखा. त्याला त्या ‘नाकाडे’ म्हणत. टकल्या व्हेस्पाशियन छाणी गावच्या त्यांच्या मामंजींसारखा दिसे, म्हणून तो ‘छाणीचे मामंजी’. निरोच्या मानेला वळ्या होत्या, म्हणून तो ‘श्रीखंडे’.

वैशाखात नवी पिशवी आली. जयवंतरावांनी एक चांदीचं नाणं भिंगाखाली धरलं. सुरुवातीची अक्षरं झिजून सपाट झाली होती. उरलं होतं फक्त ‘ओ सीझर’.

“निर्‌-ओ सीझर! तिसरा श्रीखंडे. टाका बाजूला.”

गंगाबाईंनी नाणं खिडकीशी नेलं. “हा श्रीखंडे नाही हो. याचे केस याचे स्वतःचे नाहीत.”

“काय?”

“टोप आहे. नाटकातल्या राजाचा असतो तसा. कपाळावर बघा कसा बसवलाय! जन्माचे केस असे रांगेत उभे राहतात होय?”

“अगं, इथे धडधडीत ‘ओ’ लिहिलाय. चेहरे फसवतात...”

“अक्षरं फसवत नाहीत,” गंगाबाईंनी वाक्य पुरं केलं आणि त्या आमटीला फोडणी द्यायला गेल्या.

आठ दिवसांनी प्रतापरावांची वास्तुशांत होती. हे गंगाबाईंचे धाकटे बंधू. पागेतली नोकरी सोडून त्यांनी शहराबाहेर गोत्रीला शेतावर टुमदार घर बांधलं होतं. आग्नेय कोपऱ्यात खड्डा तयार होता. माधवभटजींनी त्यात वास्तुपुरुष ठेवला, पंचरत्न टाकलं, सात धान्यं टाकली आणि हात पुढे केला.

“नाणं?”

प्रतापरावांनी खिसे चाचपले. एकात तंबाखूची डबी निघाली, दुसऱ्यात घोड्याच्या नालाचा खिळा.

“थांबा!” जयवंतराव पुढे झाले. दिवाणखाना भरलेला होता आणि खिशात तिसरा श्रीखंडे होता. असा योग पुन्हा येत नाही! “लोक खड्ड्यात पैसा टाकतात, आम्ही इतिहास टाकतो! हा रोमचा निरो बादशहा. बडोदं सोडा, अहमदाबादेत कुणाच्या घराखाली नसेल!”

मंडळींनी माना डोलावल्या. गंगाबाईंनी मागून उपरणं ओढलं. “अहो, तो टोपवाला आहे. एकदा घरी नेऊन...”

“चूप!”

बादशहा खड्ड्यात गेला. गुजराती मिस्त्रीनं वर चुना थापला, लादी बसवली आणि थापी पुसत म्हणाला, “लो साहेब! हवे सो वरस सुधी कोई नहीं काढे!” म्हणजे आता शंभर वर्षं कुणी काढणार नाही.

दीड महिन्यानं जयवंतरावांनी सेंट्रल लायब्ररीतून रोमन नाण्यांचं एक चित्रांचं पुस्तक आणलं. दुपारी गंगाबाई ते चाळत बसल्या होत्या. एका पानावर त्यांनी बोट ठेवलं.

“हा बघा टोपवाला. गोत्रीला दिलात तो.”

जयवंतरावांनी सवयीप्रमाणे आधी चित्राखालचा मजकूर वाचला. ऑथो. टक्कल असल्यामुळे टोप घालीत असे. तीन महिने राज्य केले. आणि नाण्यावरची अक्षरं... ऑथ्‌-ओ सीझर! निरोच्या शेवटी ‘ओ’ होता, तसा ऑथोच्याही शेवटी ‘ओ’ होता!

त्यांनी पुस्तक मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. प्रत्येक वेळी ऑथो तिथेच होता. गंगाबाई तांदूळ निवडायला बसल्या. ते जास्तच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा करून जयवंतराव गोत्रीला पोचले. प्रतापराव ओट्यावर दात घासत होते.

“प्रतापराव, जरा नाजूक बाब आहे. तुमच्या आग्नेय कोपऱ्यात... भलताच माणूस पुरला गेलाय.”

आतून मथुराबाई, म्हणजे प्रतापरावांच्या पत्नी, चहा घेऊन येत होत्या. कपबशी खळ्‌कन फुटली.

“कोण माणूस?”

“घाबरू नका, वहिनी. राजघराण्यातला आहे.”

“मेला कशानं?”

इथे कुणीही दुसरं काहीतरी सांगितलं असतं. पण भाषांतर शाखेतल्या माणसाला मजकूर गाळणं जमत नाही. “खंजीर,” जयवंतराव म्हणाले. “स्वतःच्याच हातानं.”

“अगं बाई! आणि मी दोन अमावास्या त्याला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला!”

“दाजी,” प्रतापराव तोंडातली राख थुंकून म्हणाले, “तुम्ही त्या दिवशी म्हणालात बादशहा आहे.”

“बादशहाच आहे! फक्त दुसरा! छोटीशी पहार असेल तर मी आत्ता, पाच मिनिटांत...”

“त्या लादीला हात लावाल तर याद राखा!” मथुराबाई कडाडल्या. “झोपलेला आहे तो झोपू दे!”

दुपारपर्यंत मथुराबाईंनी मुलं, गाद्या आणि ट्रंक गोठ्यात हलवली होती. संध्याकाळी गोत्रीत बातमी होती, की प्रतापरावांच्या घरात एक साहेब पुरलाय. ती बातमी छाणीला पोचेपर्यंत त्या साहेबाला जयवंतरावांनी पुरलं होतं. छाणीच्या मामंजींचं कार्ड आलं: ‘आमच्या ओळखीचे वकील आहेत. निःसंकोच कळवावे.’

चौथ्या दिवशी प्रतापराव माधवभटजींना घेऊन बडोद्यात हजर झाले. जयवंतरावांना मनातून उकळ्या फुटत होत्या.

“खणावंच लागणार, नाही का, भटजी? इलाजच नाही!”

“छे छे! बसवलेला वास्तुपुरुष उकरायचा? मग घरच पाडा ना! शांत करायची. शेजारी दुसरा खड्डा, विधी पुन्हा पहिल्यापासून. आणि यजमान कोण, तर ज्यानं हा पाहुणा आणला तो.”

“पण अगदी एक चमचा घालून, कडेकडेनं...”

“दाजी!” प्रतापरावांनी मिशीवरून हात फिरवला. पागेत बिथरलेले घोडे एवढ्यावर शांत होत. जयवंतरावही झाले.

शांत झाली. सोवळं नेसून जयवंतराव पाटावर बसले होते. ऑथो हातभर अंतरावर होता. सात वर्षं लंडनच्या बोटीची वाट पाहिली, आणि आता मधे एवढीशी लादी! त्यांचे डोळे धुरानं पाणावलेत असं भटजींना वाटलं. त्यांनी पुन्हा हात पुढे केला.

“नाणं?”

जयवंतरावांचा हात सवयीनं कनवटीला गेला. मागून गंगाबाईंनी मनगट धरलं.

“आधी मला दाखवा.”

त्यांनी मूठ उघडली. गंगाबाईंनी नाणं उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं.

“नाकाडे. हा चालेल. याला कितीदा पुरला तरी पुढच्या वाट्यात परत येईल.”

घरी आल्यावर जयवंतराव तबकासमोर बसून राहिले. त्यांनी ते पुसलंही नाही. थोड्या वेळानं गंगाबाई देवघरातून एक सुपारी घेऊन आल्या आणि त्यांनी ती बाराव्या खळग्यात ठेवली. चपखल बसली.

“हे काय?”

“मूर्ती नसली की देवाच्या जागी आपण सुपारी मांडतो की नाही? देवांना चालतं, मग या टोपवाल्याला न चालायला काय झालं? आहे ना तो. गोत्रीला आहे, एवढंच.”

जयवंतरावांनी चिठ्ठी लिहिण्यासाठी दौत पुढे ओढली. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी आधी गंगाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. मग सावकाश लिहिलं: ‘ऑथो’. अक्षर फसवतं की नाही, यावर ते पुन्हा काही बोलले नाहीत.

पुढे जो कोणी येईल त्याला ते तबक दाखवत. अकरा बादशहा आणि एक सुपारी. बघणारा हसायला लागला की गंभीरपणे सांगत, “प्राणप्रतिष्ठा झालेली आहे.”

दिवाळीत प्रतापराव-मथुराबाई जेवायला आले. राग केव्हाच गेला होता; मथुराबाई परत घरात झोपत होत्या आणि नैवेद्य लाद्यांखालच्या दोघा बादशहांना मिळून एकच दाखवत होत्या. श्रीखंडाचं जेवण झालं. जयवंतराव विडे आणायला आत गेले. बाहेर आले तर मेहुणे कोचावर रेलले होते, हातात अडकित्ता होता, आणि तोंड चालू होतं.

तबकात अकरा नाणी होती. बाराव्या खळग्यात नुसती चिठ्ठी.

“दाजी,” प्रतापराव चघळत म्हणाले, “सुपारी जरा जुनाट लागली हो.”

जयवंतरावांनी चिठ्ठी पाहिली, मेहुण्याचं तोंड पाहिलं, आणि विड्याचं तबक पुढे केलं.

“असेल,” ते म्हणाले. “साडेअठराशे वर्षांची होती.”