चपळ बोटांचा टेम्पो

घरसामान हलवायच्या नव्या टेम्पोवर इंग्रजीत काहीतरी हवे, हा हट्ट मालकाचा. ते इंग्रजी पुरवण्याची हौस मेहुण्याची. मेहुणा कॉलेजात इंग्रजी घेऊन बसला होता. पुढे इंग्रजी सुटले, बसणे तेवढे राहिले.

"दाजी, तुमच्या हमालांचं खास काय ते सांगा."

"हात हलका. बोटं अशी चपळ, की कपाट हललेलं आरशालासुद्धा कळत नाही."

"हलकं म्हणजे लाइट, बोटं म्हणजे फिंगर. 'लाइट-फिंगर्ड स्टाफ'! झालं!"

पेंटरने ते टेम्पोच्या दोन्ही बाजूंना तांबड्या, ठसठशीत अक्षरांत रंगवले.

पहिलेच घर हलवायला टेम्पो दारात उभा राहिला. बाईंनी मजकूर वाचला आणि घरात धावपळ उडाली. मुलीने मिक्सर कडेवर घेतला. यजमान चमच्यांचा डबा पोटाशी धरून रिक्षात बसले. आजोबा आरामखुर्चीसकट टेम्पोत चढले आणि शेवटपर्यंत हमालांच्या बोटांवरून नजर हटवीनात.

सामान उतरल्यावर मालकाने भीत भीत विचारले, "बाई, आमचं काही चुकलं का?"

"छे हो! उलट एवढा प्रामाणिकपणा कुठे बघायला मिळतो? लाइट-फिंगर्ड म्हणजे भुरटा चोर. चपळ बोटांना निंबल-फिंगर्ड म्हणतात."

त्यानंतर आठवडाभर फोन वाजला नाही. लोक टेम्पो बघायला येत, वाचत आणि खिसे चाचपत परत जात. नव्या धंद्याचा जम बसायच्या आधीच तो झोपणार, असे दिसू लागले.

मालक घरी मेहुण्यावर कडाडला. बायको मध्ये पडली. "माझ्या भावाला बोलायचं काम नाही. स्पेलिंग बरोबर आहे ना?"

"आणि दाजी," मेहुणा म्हणाला, "चोराची बोटं चपळच असतात. अर्थ गेला कुठे?"

"अर्थ राहिला रे, गिऱ्हाईक गेलं!"

दुसऱ्या दिवशी पेंटर आला. एका बाजूला 'निंबल' उमटले. तो दुसरी बाजू खरवडायला घेणार, तोच फोन वाजला.

"तुम्हीच का ते लाइट-फिंगर्ड?" आवाज दबका होता.

"होतो. आता निंबल होतोय."

"अहो, थांबा! आम्ही घर बदलतोय. सासऱ्यांनी दिलेलं लोखंडी कपाट आहे, हत्तीएवढं. बायको म्हणते, ते न्यायचंच. तर तुम्ही ते न्या... फक्त पोचवू नका."

मालकाने फोनवर हात ठेवला.

"पेंटरदादा, ही बाजू राहू द्या."