ब्रेक दुसऱ्या सेक्शनचा

अभिमन नानांनी बायकोच्या खांद्यासाठी मशीन बनवलं तेव्हा त्यात सगळं होतं, फक्त ब्रेक नव्हता. यात नानांची चूक म्हणावी तर तेही बरोबर नाही. भुसावळला रेल्वेच्या वर्कशॉपात त्यांनी एकतीस वर्षं चाकं फिरती ठेवली. ब्रेकचा सेक्शन वेगळा, पलीकडच्या शेडमध्ये, आणि तिथे निंबाभाऊ. दुसऱ्याच्या सेक्शनमध्ये नाक खुपसायचं नाही, हा नियम नानांनी रिटायर झाल्यावरही पाळला, त्याला कोण काय करणार?

झालं असं की संक्रांतीनंतर भिकुबाईंचा उजवा खांदा आखडला. हात कमरेच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, हात रोज गोल फिरवा, सोबत पायही हलले तर उत्तम. तोवर ठीक होतं. पण दोंडाईच्याला दिलेली लेक फोनवर म्हणाली, "आई, यंदा आखाजीला मांडे राहू दे. विकत आणू." भिकुबाईंनी फोन ठेवला आणि दिवसभर डाव्या हाताने उजवा खांदा चोळत बसल्या. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरायचा आणि अलगद चुलीवर पालथ्या ठेवलेल्या तापल्या खापरावर टाकायचा, हे काम त्यांच्यासारखं अख्ख्या कॉलनीत कुणाला जमत नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीच्या ताटात विकतचा मांडा पडणार, या विचारानेच त्यांचा जीव कासावीस झाला. नानांना ते बघवेना. "आखाजीच्या आत तुझा हात वर जाईल, ही माझी जबाबदारी," ते म्हणाले आणि पिशवी घेऊन भंगार बाजारात गेले.

दुकानात अशी मशीनं तयार मिळतात. नानांनी एक पाहिलंही, दोन बोटांनी उचललं आणि परत ठेवलं. त्यांच्या मते जे दोन बोटांनी उचलतं ते मशीन नव्हे, खुळखुळा. मग लोखंडी अँगलची चौकट आली. खाली पायांसाठी सायकलचं पायडल, वर हातांसाठी तसंच दुसरं, दोन्ही एकाच चेनने जोडलेली, म्हणजे पाय फिरले की हात फिरलेच पाहिजेत. हात सुटू नयेत म्हणून जुन्या जीपचे पट्टे, पायांनाही तेच. आणि बायकोला जोर लावायला नको म्हणून घरगुती पिठाच्या गिरणीची एक हॉर्सपॉवरची मोटर. वेल्डिंग करताना चांदभाईने दोनदा विचारलं, "नाना, ये कसरत का ही है ना?"

हे सगळं व्हायला अडीच महिने गेले. या अडीच महिन्यांत आणखी एक गोष्ट झाली. भिकुबाईंचा हात चालेना म्हणून नाना चुलीपुढे बसले. सुरुवातीला त्यांच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला चार कोपरे यायचे. शिमग्यापर्यंत मात्र अशी गोल निघायला लागली की नाना खाण्याआधी ती दोन मिनिटं नुसती बघत बसायचे.

आखाजीला आठ दिवस राहिले आणि मशीन हॉलमध्ये आलं. वायर वर दरवाज्याच्या चौकटीवरच्या बोर्डात गेली, कारण मागच्या वर्षी नातवाने प्लगमध्ये बोट घातल्यापासून नानांनी घरातले सगळे बोर्ड वर चढवले होते.

"बस," नाना म्हणाले.

भिकुबाईंनी मशीनकडे पाहिलं. "आज माझा उपास आहे."

"उपासाला हात फिरवलेला चालतो."

"आधी कोणाला तरी बसवून दाखवा ना. तुम्ही बसले तर चाकांकडे कोण पाहील?"

हे नानांना पटलं. तेवढ्यात निंबाभाऊ रोजच्या चहाला आलेच. धुळ्याकडचा माणूस, बोलायला मोकळा. मशीनभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "नाना, हाई काय शे? रणगाडा?"

"बसून तर बघ. मिनिटाला साठ फेरे, हिशेब करून बसवलेत."

"साठ जास्त नाही होत?"

"इंजिनाच्या मानाने काहीच नाही."

निंबाभाऊ बसला. नानांनी चारही पट्टे आवळले, मशीनवरचा खटका दाबला, आणि खटका तुटून त्यांच्या हातात आला. मशीन मात्र सुरू झालं होतं.

पहिले दहा फेरे निंबाभाऊ हसत होता. पुढच्या दहांत तो हसायचा थांबला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, तो वर सारायला हात मोकळा नव्हता. हात वर गेले की गुडघे छातीत, गुडघे खाली गेले की हात पोटात.

"नाना... ब्रेक... कुठे आहे?"

"ब्रेक?" नाना खरोखर गोंधळले. "ब्रेक तर तुमच्याकडे असतो."

"माझ्याकडे? माझे हात बांधलेत तुम्ही!"

"तुमच्या सेक्शनकडे म्हणतोय मी."

गुळगुळीत फरशीवर हादरे बसून मशीन आता निंबाभाऊसकट चालायला लागलं. आधी टीपॉय ढकलला, मग थेट पाण्याच्या माठाकडे निघालं. नानांनी धावत जाऊन चौकटीला मिठी मारली. मग मशीन, निंबाभाऊ आणि नाना असे तिघे मिळून माठाकडे सरकू लागले. सोडलं तर माठ जातो, नाही सोडलं तर प्लगपर्यंत हात पोचत नाही. उचलायला जड जावं म्हणून नानांनीच मशीनचं वजन वाढवलं होतं.

"अक्का," निंबाभाऊ फेऱ्याफेऱ्यात तुकडे पाडत बोलत होता, "मनं... बठ्ठं... हाड... ढिलं... व्हई गयं."

सगळी हाडं ढिली झाल्याची ही हाक ऐकून भिकुबाई स्वयंपाकघरातून आल्या. एक नजर नवऱ्यावर, एक माठावर. चवड्यांवर उभ्या राहिल्या, उजवा हात सरळ दरवाज्याच्या वर नेला आणि प्लग खसकन ओढला.

मशीन थांबलं. माठ चार बोटांवर होता. निंबाभाऊचे पाय थोडा वेळ आपले आपणच हलत राहिले. आणि नाना बायकोच्या हाताकडे बघत होते, जो अजून तसाच वर, चौकटीपाशी होता.

"गुण आला," नाना हळूच म्हणाले. "निंबाभाऊ, गुण आला. ही तर बसलीसुद्धा नाही."

भिकुबाईंनी हात खाली घेतला, पण आता उशीर झाला होता.

"कधीपासून?" नानांनी विचारलं.

"शिमग्यापासून. डॉक्टरांनी सांगितलं तसा रोज भिंतीवर फिरवत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "तर तुम्ही गरम भाकरी आणून पुढ्यात ठेवली. पस्तीस वर्षांत मला कोणी असं आयतं ताट दिलं नव्हतं. म्हटलं, उद्या सांगू. मग रोजच उद्या सांगू."

नानांना रागवायचं होतं, पण ते जमेना. ते निंबाभाऊचे पट्टे सोडत बसले आणि बराच वेळ त्यांना एक बक्कल सापडेना.

आखाजीला लेक आली तेव्हा अंगणात खापर तापलं होतं आणि समोर नाना बसले होते, दोन्ही हातांवर मांडा झेलत. मोटर बसवण्याआधी मशीन तपासायला रोज हाताने शंभर फेरे मारून त्यांचे खांदे चांगलेच सुटले होते. पहिले तीन मांडे मात्र फाटले, कारण पसरवायला लागले की कुठे थांबायचं ते त्यांना कळत नव्हतं. चौथ्यापासून शेजारी निंबाभाऊला बसवलं. मांडा कोपराशी आला की तो म्हणायचा, "बस." नाना थांबायचे, आणि मांडा अख्खा खापरावर पडायचा.

लेकीने आईला विचारलं, "खांदा कसा आहे गं आता?"

खुर्चीत बसलेल्या भिकुबाईंनी उजव्या हाताने ताट जवळ ओढलं, मग काहीतरी आठवून तो हात मांडीवर ठेवला.

"तसा बरा आहे," त्या म्हणाल्या, "पण अजून थोडा धरतोच."

नानांनी ते ऐकलं. आणि त्यांनी पुढचा उंडा घेतला.