भुताचे चार मुद्दे

एका जंगलात, मुलांनो, एक शाळा होती. चांगली अनुदानित शाळा होती. हसू नका, जंगलातही अनुदान मिळतं.

त्या वर्षी नववीच्या पुस्तकात एक विलायती भुताची गोष्ट होती. दीडशे वर्षं जुनी. त्यातली करड्या वस्त्रातली करडी बाई धुक्यातून यायची आणि थंडगार हाताने दार वाजवायची. भल्याभल्या साहेबांची तिच्यापुढे बोबडी वळायची.

पण साळिंदर गुरुजी गोष्ट कधी वाचत नसत. ते गाईड वाचत.

"लिहून घ्या. कथा वाचून अंगावर काटा का येतो? मुद्दा एक, धुके. मुद्दा दोन, पांढरे वस्त्र. मुद्दा तीन, थंड हात. मुद्दा चार, दार."

वर्गाने निमूटपणे लिहून घेतलं. काटा कोणाच्याच अंगावर आला नाही. गुरुजींच्या अंगावर होता, पण तो जन्मापासूनचा.

लवंगी नावाच्या सशाच्या पोरीकडे गाईड नव्हतं. बिचारीने गोष्टच वाचली. गोष्टीत दार वाजलं तशी ती टुणकन उडून आईच्या कुशीत शिरली.

परीक्षेत तिने लिहिलं, "का ते सांगता येत नाही. पण मी तीनदा मागे वळून पाहिलं."

गुरुजींनी चारपैकी भोपळा दिला. नेमक्या त्याच चार गुणांनी लवंगी नापास झाली. घरी जाऊन खूप रडली.

करडी बाईला हे कळलं आणि ती कळवळली. किती वर्षांनी कोणीतरी मनापासून घाबरलं होतं! ती थेट शिक्षकांच्या खोलीत प्रकट झाली.

"गुरुजी, पोरीचं उत्तर बरोबर आहे. मीच ते गोष्टीतलं भूत."

गुरुजींनी चष्मा पुसला. गाईड उघडलं.

"भुताचं वस्त्र पांढरं असतं. तुमचं करडं आहे. पान एकोणतीस पाहा."

"अहो, पण मी स्वतः..."

"वाद घालू नका, बाई. आणि पुढच्या वेळी आत येताना दार वाजवत चला."

लवंगीच्या आईने कुठून तरी गाईड मिळवलं. फेरपरीक्षेत लवंगीने चारही मुद्दे घडाघडा लिहिले. चारपैकी चार! आईने गाजराचा हलवा केला.

हलवा खाऊन लवंगीने हौसेने पुन्हा ती गोष्ट उघडली. दार वाजलं. करडी बाई मोठ्या आशेने आत आली.

"मुद्दा चार, दार," लवंगी म्हणाली. "मुद्दा तीन, थंड हात." मग तिने बाईकडे नीट पाहिलं. "तुमचं वस्त्र चुकलंय."

बाई तिथल्या तिथे विरून गेली. लवंगीने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला मात्र, खरं सांगतो, फार वाईट वाटलं.

तात्पर्य : भूत उतरवायला मांत्रिकाकडे खेटे घालू नयेत. त्याला पाठ्यपुस्तकात घालावं आणि त्याच्यावर चार गुणांचा प्रश्न काढावा.