पंखाखालची लाल टोपी

"पंचवीस वर्षांत माझ्या विमानावर एकही टोपी राहिलेली नाही," असं बाबा सकाळी धावपट्टीवर सांगत होते, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

टोपी म्हणजे लाल कापडी झाकण. समुद्रावरच्या बसक्या ढगांत विमान घालायचं आणि पंखाखालच्या चार यंत्रांनी त्यातले थेंब, वारा, तापमान आणि दमटपणा मोजायचा, हे बाबांचं काम. उड्डाणाआधी यंत्रांच्या चारही टोप्या काढून यादीवर खुणा करायच्या, हे तिचं. बाबा शेवटी एक फेरी मारून तपासायचे.

"दहाला हृदयाची तपासणी आहे, बाबा."

"ढग उद्या नसतील. डॉक्टर उद्याही आहेत."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे जातोय? ढगात. दुपारी परत."

तिनं रागारागानं तीन टोप्या काढल्या, चार खुणा केल्या आणि पाठ फिरवली. तिच्या तोंडी कोण लागणार, म्हणून बाबांनी त्या दिवशी फेरीच मारली नाही.

वर खिडकीबाहेर पिंजलेल्या कापसासारखा ढग, आणि पडद्यावर थेंब शून्य. बाबांनी यंत्राच्या पेटीला दोन चापट्या मारल्या. शून्य. वैमानिकानं विमान आणखी खाली घेतलं आणि विचारलं, "आता लाटा मोजायच्यात का?" चार फेऱ्या झाल्या, तरी शून्य. सोबत आलेल्या कार्यालयातल्या साहेबांना अकरा वर्षांत काही सापडलं नव्हतं, त्यांना धीर कसा धरवणार? त्यांनी विमानातूनच मुख्य कार्यालयाला कळवलं, की बिनथेंबाचा ढग सापडला आहे, पाठ्यपुस्तकं बदलावी लागतील. विमान उतरेपर्यंत अभिनंदन येऊन पोचलं होतं.

मग सगळे पंखाखाली वाकले. चौथी टोपी, नेमकी थेंब मोजणाऱ्या यंत्राची, जागच्या जागी, चिंब भिजलेली. ढगातले थेंब तिच्यातून टपटप गळत होते.

"ही कोणाची करामत?" साहेब म्हणाले.

तिनं तोंड उघडलं, तोवर बाबांनी शाळकरी पोरासारखा हात वर केला होता. "माझी. वय झालं, साहेब."

चहाच्या वेळेपर्यंत बाबांचं नाव 'टोपीवाले' पडलं होतं.

"मधे का बोललात?" घरी तिनं विचारलं.

"मला तिथे आठ महिने काढायचेत. तुला तीस वर्षं."

"उद्या सांगते मी साहेबांना."

"उद्या आधी डॉक्टर. तूच म्हणतेस ना?"

पहाटे बाबा गेले. डॉक्टर म्हणाल, तर ते ठरल्याप्रमाणे दहाला हजर होते.

शोकसभा कार्यालयातच झाली. टेबलावर फोटो, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. वातावरण हलकं करावं म्हणून साहेबांनी टोपीची गोष्ट सांगितली, आणि सांगितलीही झकास, चापट्यांसकट. "पंचवीस वर्षांचा पक्का माणूस, पण शेवटच्या उड्डाणात टोपी विसरला." लोक डोळे पुसत हसले. वैमानिक तर खुर्चीवरून घसरायचाच बाकी होता. बाबाही फोटोत हसत होते, त्यांना दुसरा इलाज नव्हता.

ती उभी राहिली.

"टोपी काढायचं काम माझं होतं," ती म्हणाली. "यादीवरची खूणही माझीच आहे. बाबा विसरले नव्हते."

हसू थांबलं. साहेबांनी सवयीनं विचारलं, "मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"उद्या सांगणार होते."