दोमिनिओ तुमचाच कशावरून?

रोज सकाळी सातला इर्मा स्कालीसे किटली उतरवायची, कडू माते-चहा भरायची, चष्मा चढवायची आणि नवऱ्याचा आवाज ऐकायची. नवरा जाऊन तीन महिने झाले होते. त्या मंगळवारी मात्र कॉम्प्युटरवर ओस्वाल्दोच्या पानाऐवजी लाल पाटी आली: 'हे संकेतस्थळ सुरक्षित नाही. इथे तुमची माहिती चोरली जाऊ शकते.'

"सुरक्षित नाही?" इर्मा कॉम्प्युटरवर खेकसली. "अरे, घरात कोळी निघाला तर पेल्यात धरून अंगणात सोडणारा माणूस तो!"

ओस्वाल्दो सान इलारियोचा पाऊस मोजायचा. त्याला कुणी नेमलं नव्हतं. अकरा वर्षं रोज सकाळी तो अंगणातली काचेची नळी बघायचा आणि आकडा स्वतःच्या आवाजात पानावर टाकायचा: "सुप्रभात, सान इलारियो. शून्य मिलिमीटर." आमच्या पाम्पाच्या सपाट माळावर बहुतेक दिवस शून्यच असतो. तरी गव्हाचे शेतकरी ट्रॅक्टरवर बसून ते ऐकायचे, कारण पाऊस पडला नाही यात आपलीच काही चूक झाली, अशा सुरात तो 'शून्य' म्हणायचा. तो गेल्यापासून इर्मा त्या त्या तारखेचं जुन्या वर्षाचं ध्वनिमुद्रण लावायची. त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. फोन वाजला की तो न्हाणीघरात पळायचा, आणि लग्नात कॅमेरा दिसला की कॅमेरावाल्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहायचा.

लाल पाटीखाली बारीक अक्षरांत एक बटण होतं: 'धोका पत्करून पुढे जा'.

"दाब की मग," बेबा म्हणाली. बेबा म्हणजे ओस्वाल्दोची बहीण. ती समोरच राहायची आणि माते तयार झाला की बरोबर उगवायची.

"आणि कुणी त्याला चोरून नेलं तर?"

"अगं, आवाज कोण चोरतं, इर्मा?"

"लिहिलंय ना तिथं! न वाचता दाबायची सवय तुझी, माझी नाही."

पाठोपाठ पत्र सापडलं. पानाला जागा देणाऱ्या कंपनीचं होतं. 'आपल्या दोमिनिओचं सुरक्षा प्रमाणपत्र संपलं आहे. दोमिनिओ आपलाच आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याला नवीन रेहिस्त्रो जोडा.' खाली अक्षरांची लांबलचक गिचमीड होती. तो फाइल नंबर असावा, असं समजून इर्माने तिकडे लक्ष दिलं नाही.

आता यात इर्माची काही चूक नव्हती. कंपनीच्या भाषेत दोमिनिओ म्हणजे पानाचा पत्ता असेल. पण आमच्याकडे सरकारी कागदावर गाडीच्या नंबरलाही दोमिनिओच म्हणतात, आणि ड्रायव्हिंग लायसन्सला घरोघरी रेहिस्त्रो. ओस्वाल्दोची पांढरी गाडी तीन महिने पडवीत उभी होती. तिचा दोमिनिओ ओस्वाल्दोच्या नावावर होता, आणि त्याचा रेहिस्त्रो त्याच्याबरोबर संपला होता.

"दुसऱ्या गावांचा पाऊस बघायलाही तो गाडीनंच जायचा," इर्मा म्हणाली. "म्हणजे पान गाडीच्या नंबरावर असणार. बरोबरच आहे."

"बरोबरच आहे," बेबाने मान हलवली. बेबाला कधीच काही चूक वाटत नसे.

दोघी वाहन नोंदणी कार्यालयात गेल्या. खिडकीमागच्या कारकुनाने गाडीचा कागद उलटसुलट बघितला.

"हा दोमिनिओ सेन्योर ओस्वाल्दो स्कालीसेंच्या नावावर आहे."

"तेच तर!"

"मग ते स्वतः का नाही आले?"

"ते सान होसेच्या दफनभूमीत आहेत," बेबा म्हणाली.

कारकुनाने क्षणभर विचार केला. "मग त्यांना यायला जमणार नाही," तो गंभीरपणे म्हणाला आणि शिक्का मारला.

इर्माने शिक्क्याच्या कागदाचा फोटो कंपनीला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं: 'रेहिस्त्रो सापडला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

"खरंच आहे त्यांचं," इर्मा म्हणाली. "माझ्याकडे कुठाय रेहिस्त्रो?"

आणि एकाहत्तराव्या वर्षी इर्मा गाडी शिकायला लागली.

अर्ध्या गावाला गाडी शिकवणारे तितो फाब्रे पहिल्या दिवशी प्रार्थना म्हणूनच गाडीत बसले. इर्मा चव्वेचाळीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून ओस्वाल्दोला गाडी कशी चालवायची ते सांगत आली होती, त्यामुळे आपल्याला सगळं येतं अशी तिची खात्री होती.

"ब्रेक, सेन्योरा! ब्रेक!"

"ब्रेक मधला ना?"

"मधला होता," तितो म्हणाले. तोवर गाडी चौकातल्या बाकावर चढून जनरलच्या पुतळ्याखालच्या फुलांत विसावली होती.

धान्याच्या गोदामातले म्हातारे दोन दिवस त्यावर हसले. त्यांच्यातल्या दॉन आन्सेल्मोने एकदा इर्माला रस्त्यात थांबवलं. "ओस्वाल्दोचं पान उघडत नाही हो. माझा जावई म्हणतो, तिकडे जाऊ नका, ते धोक्याचं आहे." तो सहज बोलून गेला, पण इर्माला ते फार लागलं. जिवंतपणी ज्याच्याबद्दल कुणी वावगा शब्द काढला नाही, तो मेल्यावर धोक्याचा ठरला होता.

सहा आठवडे गेले. एका सकाळी माते भरताना तिने त्याच्यासारखं 'शून्य मिलिमीटर' म्हणून बघितलं. तो 'शून्य' लांबवायचा की 'मिलिमीटर'? तिने चारदा म्हणून बघितलं. चारही वेळा तो तिचाच आवाज होता. तिला रडू आलं नाही, भीती वाटली. ती तशीच चप्पल अडकवून तितोंच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आज दोन तास शिकवा."

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. परीक्षकाने सही करता करता विचारलं, "या वयात गाडी कुठं नेणार, सेन्योरा?"

"कुठंच नाही. मला फक्त आवाज ऐकायचाय."

"वा! इंजिनाचा आवाज ऐकणारा चालक कधी फसत नाही," परीक्षक म्हणाला.

नव्याकोऱ्या रेहिस्त्रोचा फोटो कंपनीला गेला. बेबाने केक आणला होता. उत्तर आलं: 'रेहिस्त्रो सापडला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

इर्माने केकला हात लावला नाही. पत्राच्या तळाशी फोन नंबर होता, तो तिने फिरवला. अर्धा तास संगीत ऐकल्यावर मारिसोल नावाची एक मुलगी बोलायला लागली, कोर्दोबाच्या लोकांसारखी शब्द ताणत ताणत. इर्माने नोंदणी कार्यालयापासून परीक्षेपर्यंत सगळं सांगितलं.

"सेन्योरा," मारिसोल जपून म्हणाली, "हा दोमिनिओ गाडीचा नाही हो. तुमच्या पानाच्या पत्त्याचा. त्या पत्त्याची आमच्याकडे एक यादी असते, तिच्यात फक्त मालकालाच लिहिता येतं. आम्ही काही अक्षरं देतो, मालक ती यादीत लिहितो. अक्षरं दिसली की आमच्या यंत्राला कळतं, पान याच माणसाचं. त्या ओळीला रेहिस्त्रो म्हणतात."

"मग लायसन्स?"

"लायसन्स नाही लागत."

"पोरी, मी जनरलच्या फुलांत गाडी घातली."

पलीकडून तोंडावर हात दाबल्यासारखा आवाज आला.

"हसून घे," इर्मा म्हणाली. "सगळं गाव हसलंय."

ओस्वाल्दोचा पासवर्ड कॉम्प्युटरनेच लक्षात ठेवला होता. यादी उघडली. पत्रातली अक्षरं आता शिळी झाली होती, म्हणून मारिसोलने नवी काढली आणि एकेक वाचायला सुरुवात केली. इर्मा ओस्वाल्दोच्या खुर्चीत बसून एका बोटाने टाइप करू लागली.

"सात. क्यू मोठं. बे."

"लांब बे की आखूड वे?" इर्माने विचारलं, आणि तिचं बोट तिथेच थांबलं.

आमच्याकडे ही दोन अक्षरं, म्हणजे इंग्रजीतली बी आणि व्ही, बोलताना सारखीच ऐकू येतात, म्हणून हा प्रश्न सगळेच विचारतात. पण या खुर्चीतून तो ओस्वाल्दो विचारायचा. दर तीन महिन्यांनी तो हाक मारायचा, "इर्मा, जरा अक्षरं वाच गं, मला दिसत नाहीत." हातातलं काम टाकून ती कुरकुरत यायची आणि पडद्यावरची गिचमीड वाचून दाखवायची. बँकेचं काहीतरी असेल, असं ती समजत होती. ते काय आहे हे तिने कधी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

"लांब बे," मारिसोल म्हणाली. "पण लहान लिपीतला. सेन्योरा, आहात ना?"

"आहे. पुढचं सांग."

त्रेचाळीस अक्षरं झाली. पाच मिनिटं थांबून मारिसोल म्हणाली, "बघा आता." लाल पाटी नव्हती. इर्माने आजची तारीख आणि चार वर्षांपूर्वीचं वर्ष दाबलं.

"सुप्रभात, सान इलारियो," ओस्वाल्दो म्हणाला. "शून्य मिलिमीटर."

दोन्हीपैकी एकही शब्द तो लांबवत नव्हता. मध्ये थोडा थांबायचा, एवढंच. इर्मा ते कसं विसरली होती, तिचं तिलाच कळेना. तिने चष्मा काढून बाजूला ठेवला.

 कामाला लागल्यासारखं फोनवरून मारिसोल म्हणाली, "हे नव्वद दिवस चालेल. मग पुन्हा सिद्ध करावं लागेल. पण सेन्योरा, इथं एक गंमत दिसतेय. पहिली दोन वर्षं हे सगळं आपोआपच होत होतं. दोन हजार सोळाच्या मार्चमध्ये त्यांनी स्वतः ते बंद केलंय. का कुणास ठाऊक. दर तीन महिन्यांनी उगाच डोक्याला ताप."

त्याच्या आदल्या नोव्हेंबरात ओस्वाल्दोने इर्माला न विचारता तिच्या आईचा पियानो विकला होता. इर्मा त्याच्याशी बोलायची बंद झाली. ताट समोर आदळायचं आणि निघून जायचं, असे चार महिने गेले. मग एक दिवस या खोलीतून हाक आली, मला अक्षरं दिसत नाहीत. रागारागाने तिने ती वाचून दाखवली होती. चार महिन्यांत त्या दोघांत झालेलं पहिलं बोलणं तेवढंच होतं: लांब बे, आखूड वे.

त्याचे डोळे तर शेवटपर्यंत चांगले होते. काचेच्या नळीवरची बारीक रेघ तो चष्म्याशिवाय वाचायचा.

"सेन्योरा? परत चालू करून देऊ का? एक बटण दाबायचंय. मग तुम्हाला पुन्हा कधी काही सिद्ध करावं लागणार नाही."

"नको," इर्मा म्हणाली. "बंदच राहू दे. तीन महिन्यांनी मी फोन करीन, तेव्हा तू अक्षरं वाच."