सैल पत्र्याचे हवामान

वादळ कुठेही होऊ शकते. पाहण्यासारखे वादळ व्हायला मात्र खाली काहीतरी मोडण्यासारखे लागते. हे शास्त्रीय सत्य राजारामपुरीतल्या वादळवेध मंडळाने स्वतःच्या पेट्रोलवर सिद्ध केले आहे.

पहिल्या वर्षी मंडळ अडाणी होते. पोरं मोबाईलवर वाऱ्याचे नकाशे, हवेतला दमटपणा, ढगांची उंची बघायची आणि पन्हाळ्यावर जाऊन वादळाचा व्हिडिओ काढायची. ढग झकास दिसत. व्हिडिओ मात्र आईशिवाय कुणी पाहिला नाही (आईनेही अर्धाच). मग अध्यक्ष विजयसिंह यांनी अंदाजाची पद्धत सुधारली: चाळीस गुण आभाळाला, साठ पत्र्याला. स्लॅबला शून्य. खिळे ठोकलेल्या पत्र्याला दहा. नुसते दगड ठेवलेल्या पत्र्याला पैकीच्या पैकी. या पद्धतीनुसार स्लॅबच्या राजारामपुरीत वादळ होतच नाही. तिथे पाऊस पडतो.

यंदा मे महिन्यात सगळे गुण आजऱ्याजवळ तानाबाईंच्या शेडला पडले. आत काजूबिया, वर पत्रा, पत्र्यावर दगड. मंडळाची गाडी दुपारीच अंगणात लागली. पंचनाम्याला माणसं आली असे समजून तानाबाईंनी चहा टाकला. (वादळाच्या आधीच पंचनामा! सरकार एवढे सुधारले याचे त्यांना कौतुक वाटले.)

“पावणं, वळीव येतोय न्हवं?”

“येतोय? फाडणार हाय आज!” अंदाजप्रमुख आदर्श छाती फुगवून म्हणाला.

“मग त्यो गाडीतला दोर द्या की. पत्रा बांधून घेती. वर्साच्या बिया हायत आत. भिजल्या तर व्यापारी हात लावणार न्हाय.”

विजयसिंहांनी चहाचा घोट घेऊन नम्रपणे समजावले, “मावशी, व्हिडिओत दोर दिसला की वादळ खोटं वाटतं.”

निसर्गात ढवळाढवळ करायची नाही, हे मंडळाचे धोरणच आहे. दोर गाडीतच राहिला. गाडी अडकली तर लागतो.

अंदाज तंतोतंत खरा ठरला. वारा आला, दगड गडगडले, पत्रा उचलला गेला. तानाबाई धावल्या, दोन्ही हातांनी त्याचे टोक धरून ओरडल्या, “अरं धरा की कुणीतरी! बघतायसा काय नुसतं?” (व्हिडिओत हे वाक्य काढून तिथे ढोल टाकला आहे.) मग गारा आल्या आणि बियांचा प्रश्न मिटला.

व्हिडिओ तुमच्याकडेही आला. पत्रा उडाल्यावर तुम्ही ‘बाप रे’ म्हणालात आणि मागे घेऊन पुन्हा पाहिलात. पहिल्यांदा टोकाला लोंबकळणारी बाई नजरेतून सुटली होती. दुसऱ्यांदा दिसली. तेव्हा कुठे तुम्ही तो घरच्या ग्रुपवर टाकलात, आणि खाली विचारलेत, ‘पुढचं कुठं?’

मंडळाने तुमची आवड ध्यानात घेऊन गुण बदलले आहेत: आभाळाला वीस, पत्र्याला तीस, पत्रा धरणाऱ्या बाईला पन्नास.