वासुदेवरावांच्या घशाचा इलाज

वडनेरच्या कबड्डी सामन्यांत माईक धरावा तो वासुदेवरावांनीच, याबद्दल गावात दुमत नव्हतं. निदान वासुदेवरावांच्या मनात तरी नव्हतं. ‘आपल्या आवाजाचा नादच नाई कराचा,’ असं ते सांगत, आणि तेही दोन शेतं पलीकडे ऐकू जाईल असं. त्यामुळे रविवारी अंतिम सामना आणि बुधवारी घसा बसला, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यात माईकवर कधीचा डोळा असलेल्या पुंडलिकरावांनी पानठेल्यावर ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ सुरू केल्याची बातमी आली.

वासुदेवराव बायकोला, सुलोचनाबाईंना, घेऊन तडक हिंगणघाटला डॉक्टर मेघाकडे गेले.

“मॅडम,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “दोन्हीकडं सुई मारा, सलाईन लावा, अन् अँटिबायोटिक जरा हेवी द्या. रविवारी मले बोलाचं हाये.”

डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला, छाती तपासली. “काका, हे व्हायरल आहे. अँटिबायोटिकचा यावर उपयोग नाही. वाफ घ्या, कोमट पाण्यानं गुळण्या करा, ताप आला तर गोळी. बाकी आराम. धाप लागली किंवा ताप हटला नाही, तर लगेच या.”

“गुळण्या कराले एसटीनं आलो का मी? सुई नाई तं नाई, चार औषधं एकात कालवून द्या. आम्ही फवारणीत तसंच करतो. एक नाई तं दुसरं लागू पडते.”

“यायले वाटते, आपण कपाशीच हावो,” सुलोचनाबाई म्हणाल्या.

डॉक्टर मेघा हसल्या. त्याही शेतकऱ्याच्याच घरच्या. “काका, मिरचीवर चुरडा-मुरडा आला की काय फवारता?”

वासुदेवरावांना एकदम हुरूप आला. मिरचीच्या बाबतीत अख्खं गाव त्यांचा सल्ला घ्यायचं. “काई नाई फवारत. व्हायरस हाये तो, त्याले औषधच नसते. दुकानदार दहा बाटल्या दाखवते, एकही घ्याची नाई. रोगट झाड बाकीच्यायपासून दूर कराचं, बस!”

असं म्हणून त्यांनी टेबलावर थाप मारली.

“झालं तर मग,” डॉक्टर म्हणाल्या. “बरं वाटेपर्यंत घरात बसा. लोकांत मिसळू नका.”

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. पण परतीची बस वडनेरला लागेपर्यंत, वाद आपणच जिंकलो हे वासुदेवरावांच्या ध्यानात आलं होतं. “पाहिलं? शेवटी मॅडमले माह्यंच पटलं. व्हायरसले औषध नाई!”

आता एवढं ज्ञान घरात कोंडून ठेवायचं म्हणजे गावावर अन्यायच. त्यांनी गुळण्या केल्या, वाफही घेतली, आणि संध्याकाळी मैदानावर जाऊन वडनेरच्या संघाला व्हायरस समजावून सांगितला. आवाज फुटत नव्हता, म्हणून एकेका गड्याला जवळ ओढून, कानाशी तोंड नेऊन, मधूनमधून खोकत सांगितला.

“काका, तुमाले आराम सांगतला ना?” कप्तान प्रफुल मान वळवत म्हणाला.

“करूनच तं राह्यलो. धावतो हाये का मी?”

घसा खरंच बसलाय का, हे बघायला पुंडलिकरावही आले. त्यांना तर दोनदा समजावलं.

रविवारी सकाळी वासुदेवरावांचा आवाज मोकळा झाला, आणि पुंडलिकराव मात्र कानाला मफलर गुंडाळून घरी पडले होते. माईक हातात घेताना वासुदेवरावांची छाती अभिमानानं फुगली. समोर कारंजाचा संघ, भोवती अख्खं गाव.

“वडनेरचा वाघ, प्रफुल, चढाईले निघाला!”

“कबड्डी, कबड्डी, कब...” प्रफुलला खोकल्याची उबळ आली. दम तुटला, गडी बाद. दुसरा गेला तो दोन कबड्डीनंतर शिंकला. तिसऱ्यानं मध्यरेषेवरच खोकायला सुरुवात केली. उरलेले आपली पाळी येईपर्यंत नाक पुसत उभे होते.

वासुदेवरावांचा आवाज मात्र त्या दिवशी असा काही लागला होता, की ‘कारंजाचा संघ विजयी’ ही घोषणा हायवेवरच्या ट्रकवाल्यांनाही स्पष्ट ऐकू गेली.